खालचं वाचता आलं पाहिजे

मॅडम, तुमच्या फोटोला हार मी घातला. फोटो उंच लावला होता आणि स्टूल एका पायानं हलत होतं. साहेब लोक एकमेकांकडं बघत राहिले. मग हौसाबाई मागून म्हणाली, "मंदे, तूच चढ. तुझा तोल जात न्हाई." मी चढले. खाली उतरले तेव्हा सगळे डोळे मिटून उभे होते, त्यामुळं माझ्याकडं कोणी बघितलं नाही. ते बरं झालं.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. हे मी घरी ओट्यावर बसून लिहिते आहे. दुपार आहे, सून माहेरी गेली आहे. वही तुम्हीच दिलेली, दवाची. अशा वह्यांतली ही शेवटची, हिची मागची पानं कोरी राहिली होती. माझी शाळा चौथीला सुटली, कारण पाचवी ओढ्यापलीकडच्या गावात होती. ज्वारीच्या संशोधन केंद्रात रोजानं कामाला लागले तेव्हा नाव लिहितानाही हात थांबायचा. तुम्ही पहिल्याच हिवाळ्यात वही हातात दिली. म्हणालात, "सकाळी रानात पाय ठेवलास की लिहायचं. दव किती, वारा कुठून, कणसावर काय दिसलं. वाटलं ते लिहू नको, दिसलं ते लिही." मी तसंच लिहीत आले. आजही तसंच लिहायचा प्रयत्न करते. मधे कुठं वाटलेलं आलं तर रागवायला तुम्ही नाही.

शोकसभेत तीन भाषणं झाली. मोठे साहेब म्हणाले की मॅडमनी आयुष्यभर एकच काम हातात धरलं आणि ते मागं ठेवून गेल्या. ते म्हणाले की तुमच्या वाणाचं सरकारी नाव कोणाच्या लक्षात नाही, पण बाजारात पोत्यावर 'मॅडम ज्वारी' लिहितात. हे खरं आहे. मागच्या महिन्यात मी बेलापुरात दळणाला ज्वारी घ्यायला गेले होते. दुकानात पोत्यात पुठ्ठ्याचा तुकडा खोचला होता, 'मॅडम'. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ही म्याडम कोन बाबा?" दुकानदार म्हणाला, "जातच हाय तशी. पांढरी, गोड. सकाळची भाकर सांच्यापर्यंत मऊ राहती." म्हातारा म्हणाला, "मंग आमच्या म्हातारीपरीस बरीच म्हनायची." सगळे हसले. मी पिशवी घेऊन उभी होते.

ती जात कशी झाली ते आपल्या दोघींना माहीत होतं. आता एकीलाच माहीत आहे. त्याचंच लिहायचं आहे.

आपलं काम बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर हसू येतं. ज्वारीचं कणीस फुलायच्या आदल्या दुपारी एकेक फूल चिमट्यानं उघडायचं. आत परागाच्या तीन पिवळ्या बारीक पिशव्या असतात, त्या न फोडता काढायच्या. अशी पन्नासेक फुलं झाली की उरलेलं कणीस कात्रीनं कापून टाकायचं आणि वर कागदी पिशवी घालायची. ती झाली आई. बापाच्या कणसालाही संध्याकाळी पिशवी घालून ठेवायची, म्हणजे दुसरीकडची धूळ त्यात येणार नाही. पिशवीवर पेन्सिलीनं बापाच्या ओळीचा नंबर. सकाळी दव वाळलं की बापाचं कणीस पिशवीतच झाडायचं, पिवळी धूळ तळाशी पडते. ती आईच्या कणसावर झटकायची, तीच पिशवी तिच्यावर चढवायची, दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची आणि रजिस्टरात लिहायचं. आई कोण, बाप कोण, हात कोणाचा. खाली 'तपासले' म्हणून तुमची सही.

पहिल्याच आठवड्यात माझा आकडा चुकला. मी बोटाला थुंकी लावून तो पुसला. तुम्ही रजिस्टर माझ्या हातातून घेतलं. तुमचा आवाज चढला नव्हता, तरी सगळ्या बाया बघायला लागल्या.

"पुसलंस? मग काय चुकलं होतं ते उद्या कळणार कसं?"

मी बोट पदराला पुसलं.

"एक रेघ मार. एकच. गिचमिड नाही. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिही आणि शेजारी तुझं नाव. चुकणं गुन्हा नाही, मंदा. पुसणं गुन्हा आहे."

तेव्हापासून केंद्रात खोडरबर आला नाही. माझ्या पोराची शाळेची वही बघून मास्तर म्हणाले होते, हा रबर का वापरत नाही. मी सांगितलं, आमच्याकडं वापरत नाहीत.

आता घरचीबद्दल. माझं माहेर नेवाशाच्या पलीकडं, शेवगावच्या वाटेला. तिकडं कालवा नाही. आई जो जोंधळा पेरायची त्याचं एक कणीस मी तुम्हाला आणून दाखवलं. तुम्ही दाणा दाताखाली धरला आणि विचारलं, "हिचं नाव काय?"

मी म्हणाले, "नाव काय असायचं? घरची."

"आली कुठून?"

"आईच्या सासूनं आनली म्हनत्यात."

तुम्ही हसलात आणि सहा नंबरच्या ओळीच्या टोकाशी मला पाच पावलं जागा दिलीत. "ही प्लॅनमधे नाही हं. तुझी हौस म्हणून." रजिस्टरातही ती नव्हती. पण रोज जाताना तुम्ही तिच्याशी थांबायचात, हे मी बघितलं आहे.

सहा नंबर तुम्ही बाहेरून आणलेला बाप होता. बुटका, काडी टणक. त्याच्यावर तुमची सगळी मदार होती.

त्या वर्षी पिशव्या कमी आल्या. तुम्ही सांगितलंत, जुन्या वापरा, जुन्या नंबरावर रेघ मारा, नवीन नंबर टाका. भोगीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडं एक फाटकी पिशवी उरली. तिच्यावर जुना सहा होता. मी तिला घरून आणलेली कणकेची खळ लावून ठिगळ चिकटवलं आणि घरचीच्या एका कणसावर चढवली. मला त्याचं शुद्ध बी माहेरी न्यायचं होतं. हे केंद्राचं काम नव्हतं, माझं घरचं होतं. म्हणून मी सहावर रेघ मारली नाही. रेघ मारायला पेन्सिल कमरेलाच होती.

हौसाबाईनं बघितलं आणि म्हणाली, "माहेरच्या जोंधळ्याला टोपी घातलीस व्हय? नवरदेव हाय का त्यो?"

दुसऱ्या दिवशी भोगी. सगळ्यांना घरी जायची घाई. हौसाबाईला लिहिता येत नाही, आकडे ओळखता येतात. पिशव्या झाडून आणायचं काम तिचं, धूळ झटकायचं माझं. ती धावतच आली.

"सहाच्या चार म्हनली हुतीस, पाच घावल्या. घे! आन् लवकर उरक, मला तीळ भाजायचेत."

मादी कणसं पाच तयार होती. बाप चारच पुरणार म्हणून पाचवं वाया जाणार होतं. मला आनंदच झाला. मी पाचही झटकली, पिशव्या चढवल्या, चिठ्ठ्या बांधल्या, रजिस्टरात पाचही ठिकाणी बाप सहा लिहिला.

दुपारी घरचीकडं गेले तर कणीस उघडं.

"हौसा, माझी पिशवी कुठाय?"

"कोनती, नवरदेवाची? तिच्यावर सहा हुतं की. सहा म्हंजी सहा. मी काय त्याच्या तोंडाकडं बघत बसू?"

तिचं बरोबर होतं. मी परत आईच्या ओळीत आले. तिसऱ्या कणसावर माझ्या ठिगळाची पिशवी होती. कणीस कापून टाकायला कात्री हातात घेतली. मग आठवलं की ती फुलं तुम्ही स्वतः माझ्याशेजारी गुडघ्यावर बसून काढली होती, दुपारभर. मी कात्री खिशात घातली आणि त्या चिठ्ठीच्या दोऱ्याला एक गाठ मारली. ठरवलं की सोमवारी तुम्ही पुण्याहून आलात की सांगायचं.

सोमवारी तुम्ही आलात. गाडीतून उतरून सरळ रानात आलात, चप्पलही बदलली नाही. म्हणालात, "मंदा, अकरा वर्षं झाली. दोन वर्षांत काही दिसलं नाही तर हे काम बंद." आणि बांधावर बसलात. मी तुम्हाला पाणी दिलं. गाठीचं बोलले नाही.

मग ते रोजच राहत गेलं. पेरणी झाली. गाठीच्या कणसाच्या दाण्यांची ओळ वेगळी उभी राहिली, उंच, पानं तुकतुकीत. तुम्ही विचारलंत, "ही अशी का?" आणि माझ्याकडं बघितलंत. मी तण उपटत होते, तेच करत राहिले. तुम्हाला तेव्हा काही शंका आली होती का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही तिथं खुणेचा बांबू रोवलात. दोन वर्षांनी काम बंद झालं नाही ते त्या बांबूमुळं.

दरवर्षी निवडलेल्या ओळींचं पीठ तुम्ही मला द्यायचात आणि मी शेडात चुलीवर भाकरी करायचे. ताटलीला खडूनं नंबर. साहेब, शिपाई, बाया, सगळ्यांनी खायचं आणि बोट दाखवायचं. पाचव्या वर्षी मी गाठीच्या ओळीची भाकरी तव्यावरून काढली, तुकडा तोंडात घातला आणि मला माझ्या आईचं घर आठवलं. आठवलं हे दिसणं नव्हे, मला माहीत आहे. पण चव तीच होती. सगळ्यांची बोटं त्याच ताटलीवर होती. तुम्ही लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्यात.

सगळे गेल्यावर मी सांगितलं. पिशवी, ठिगळ, न मारलेली रेघ. एका दमात. इतकं लांब मी तुमच्याशी आधी कधी बोलले नव्हते.

तुम्ही तव्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "गाठ आहे अजून?"

तुम्ही जुन्या चिठ्ठ्या फेकत नव्हतात. वर्षावर्षाच्या तारेत ओवून स्टोअरच्या भिंतीला टांगायचात. आपण दोघी गेलो. तार काढली. गाठीची चिठ्ठी होती. तुम्ही ती बोटानं चाचपून बघितली.

"बघू," म्हणालात.

मी वाट बघितली. तुम्ही काय बघताय ते मला दिसत नव्हतं. कागद वर गेले, बाप सहा. परत गेले, बाप सहा. मग वाण जाहीर झाला, मांडव घातला, तुम्हाला शाल दिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसात एकट्या होतात. मी दारात उभी राहून म्हणाले, "मॅडम, ते राहिलं."

"काय राहिलं?"

"रेघ."

तुम्ही चष्मा काढलात. "लोकांना भाकरी आवडते ना? मग झालं."

"तुमीच म्हनता, पुसनं गुन्हा हाय."

"मी काही पुसलेलं नाही!"

"लिवलंबी न्हाई."

तेव्हा तुम्ही ते बोललात. "तुला कागदातलं काय कळतं? चौथी शिकलीस तू."

मी गेले. संध्याकाळपर्यंत खुरपत होते. तुम्ही बोललात त्यात खोटं काही नव्हतं, मी चौथीच शिकले आहे. पण तुमच्या तोंडून ते आधी कधी आलं नव्हतं. आणि कागदातलं जेवढं मला कळत होतं तेवढं तुम्हीच शिकवलं होतं.

पुढच्या हंगामात नवीन रजिस्टरं आली. त्यात तुम्ही एक रकाना वाढवला होता. 'बापाची पिशवी कोणी बांधली.' मला त्यावर काही बोलला नाहीत. ती माफी होती की पुढची काळजी, मला ठरवता आलं नाही. मी त्या रकान्यात माझं नाव लिहीत गेले. तुम्ही सही करत गेलात. आपण पहिल्यासारखं काम केलं, आठ वर्षं, तुम्ही रिटायर होईपर्यंत. पहिल्यासारखं म्हणजे दिसायला.

मी तुमच्यावर रागावले होते का? थोडी. पण तुमची अडचणही मला दिसत होती. वीस वर्षं एका माणसानं एका बापावर विश्वास ठेवला, आणि वाण निघाला तो एका मजूर बाईनं ठिगळ लावलेल्या पिशवीतून. वर कळलं असतं तर लोक हसले असते. आणि माझीही एक गोष्ट होती. मी आग्रह धरला असता तर लोक म्हणाले असते की मंदा माहेरचा जोंधळा पुढं करते, मुद्दामच केलं असेल तिनं. माझं नाव चारचौघांत निघालं की माझ्या कानाला दडे बसतात. म्हणून तुमचं गप्प बसणं मला सोयीचं पडलं. हे तुम्ही असताना मी कबूल केलं नाही, आत्ता करते.

तुम्ही नगरला राहायला गेलात. मी दर संक्रांतीला तुमच्या ज्वारीचं पीठ घेऊन यायचे. या वर्षी आले तेव्हा तुम्ही खाटेवर होतात. हात फार बारीक झाले होते. विचारलंत, "कणसं कोण झटकतं आता?"

"मीच. चष्मा लावून."

"आणि पिशव्यांचे नंबर?"

मी म्हणाले, "दोनदा बघते."

तुम्ही काहीतरी बोलणार होतात. तेवढ्यात तुमची मुलगी चहा घेऊन आली आणि आपण कुकरच्या रिंगेबद्दल बोललो. ती रिंग नगरात कुठंच मिळत नव्हती. मी बेलापुरातून आणून देईन म्हणाले. आणली होती. ती माझ्या पिशवीतच आहे.

आता छोट्या मॅडमचं सांगते. तुमच्या जागी आलेली मुलगी, माझ्या धाकटीच्या वयाची. नेमणूक दोन वर्षांची, पक्की नाही. तुमची ज्वारी दाणा भरला की वाऱ्यानं लोळते, ते सुधारायचं काम तिच्याकडं आहे. त्यासाठी तिनं तुमच्या वाणाचे कागदावरचे आई-बाप घेऊन तोच संकर नव्यानं करायला घेतला. पहिल्या वर्षी बुटकी, मळकट दाण्याची झाडं आली. दुसऱ्या वर्षीही तीच. सहाची पोरं सहासारखीच निघणार. एक दिवस ती शेडात माझ्यासमोर बसली. डोळे लाल.

"मंदामावशी, माझ्या हाताचंच काहीतरी चुकतंय. मॅडमना पाच कणसांत जमलं, मला साठांत जमेना. चिमटा कसा धरायचा, परत एकदा दाखवा ना."

मी दाखवला. तिची बोटं धरून, अंगठा कुठं, नख कुठं, सगळं. तिचं काही चुकत नव्हतं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तोंडानं मी कधी खोटं बोलले नाही, त्या दिवशी हातानं बोलले.

हे तुम्ही जायच्या महिनाभर आधीचं. तुम्हाला सांगायला यायचं मनात होतं. रिंग आणल्यावर जाऊ म्हटलं.

शोकसभेत शेवटी मोठे साहेब म्हणाले की केंद्राच्या फाटकाशी तुमच्या नावाची शिळा बसवायची. वर वाणाचं नाव, खाली त्याचे आई-बाप, खाली तुमचं नाव. मजकूर छोट्या मॅडमनी द्यायचा. सभा सुटल्यावर ती वही घेऊन माझ्याकडं आली.

"मावशी, तुम्ही तेव्हा होतात ना? बापाचं नाव एकदा बघून सांगा, बरोबर आहे का. दगडावर कोरायचंय, नंतर बदलता येणार नाही."

दगडावर रेघ मारता येत नाही. एवढंच माझ्या मनात आलं. मी म्हणाले, "स्टोअरमधी चला."

तिला मी सगळं सांगितलं, त्या दिवशी तुम्हाला सांगितलं तसं. तिनं मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "मावशी, हे दोन वर्षं आधी सांगितलं असतं तर?"

"व्हय," मी म्हणाले.

"अजून कोणाला माहीत आहे?"

इथं मला तुम्हाला वाचवता आलं असतं. म्हणता आलं असतं, कोणालाच नाही, मॅडमनासुद्धा नाही. तुमचा फोटो भिंतीपलीकडंच होता. पण दिसलं ते लिही, असं तुम्हीच सांगितलं होतं.

"मॅडमना सांगितलं हुतं. त्या म्हनल्या, बघू."

ती खाली बसली. म्हणाली, "त्यांच्या नावाला लागेल हे."

"माझ्याबी लागंल. पन तुमचा हात चुकत न्हाई. ते आधी."

तिला पुरावा पाहिजे होता, आणि पाहिजेच. तुम्हीही मागितला असतात. आम्ही त्या वर्षाची तार उतरवली. चिठ्ठ्या सगळ्या चाळल्या. गाठीची नव्हती. चार निघाल्या, पाचवी नाही. मला वाटलं, तुम्ही ती काढून टाकली. हे मला वाटलं म्हणून लिहिते, चूक झाली.

मग छोट्या मॅडमनी त्या वर्षाचं रजिस्टर काढलं. ते भोगीच्या पानावर आपोआप उघडलं, कारण मधे काहीतरी होतं. ती चिठ्ठी होती. दोरा तसाच, गाठ तशीच. कसर लागलेली नव्हती. तारेतून ती फक्त तुम्हीच काढू शकत होतात. तुम्ही ती लपवली होती की कोणाला तरी सापडावी म्हणून ठेवली होती, मला सांगता येत नाही. पानावर तुम्ही काही लिहिलं नव्हतं. पण टाकली नव्हती.

छोट्या मॅडमनी विचारलं, "ती घरची अजून आहे का कुठं? पानांची डीएनए तपासणी केली तर बाप कोण ते पक्कं कळेल."

मी तिथूनच भावाला फोन लावला. त्यानं वहिनीला दिला.

"वन्सं, आता समदीकडं कपाशी," वहिनी म्हणाली. "घरची म्हनाल तर बांधाला दोन ओळी. हुरड्यापुरती."

"ती मोडू नका."

"का वो? कोनी पाव्हनं येनार हायती का?"

"येनार हायती," मी म्हणाले.

छोटी मॅडम म्हणाली की शिळेचा मजकूर थांबवते, वर पत्र लिहावं लागेल, चौकशी होईल, मला विचारतील. मी म्हणाले, विचारू द्या. माझ्या कानाला दडे बसले होते, तरी म्हणाले. मग तिनं रजिस्टर माझ्याकडं सरकवलं.

"दुरुस्ती मी करू का तुम्ही?"

"हात माझा हुता," मी म्हणाले.

पेन्सिल मी कमरेचीच घेतली. तिसरी ओळ. बापाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'सहा' होतं, तेव्हाचं माझं अक्षर फार वाकडं होतं. त्यावर मी एक रेघ मारली. वर 'घरची' लिहिलं आणि माहेरच्या गावाचं नाव. शेजारी माझं पूर्ण नाव, आडनावासकट. चष्म्यावर पाणी आलं होतं, म्हणून वेळ लागला.

पानाच्या तळाशी 'तपासले' आहे आणि पुढं तुमची सही. छोट्या मॅडमनी तिच्यावर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिथली रेघ माझी नाही. ती मारायला तुम्ही पाहिजे होतात.

रजिस्टर मिटायच्या आधी मी पान उजेडाला धरून बघितलं. सहा अजून वाचता येतो.